पायाच्या रश्शाचा पंच

तालमीच्या पैलवानांसाठी जैनबचाची पहाटेपासून बोकडाचे पाय उकळत ठेवायची. एके दिवशी नवे अध्यक्ष रणनवरे परदेशी पावडरीचे डबे आणि लाडका कुत्रा घेऊन आले.

"चाची, उद्यापासून चूल बंद! ताकद हाडात असते. तुमच्या पाण्यात काय आहे?"

बावीस वर्षांची चूल!  चाचीनं एका ताटलीत उकळलेलं हाड, दुसरीत रस्सा घालून कुत्र्यापुढं ठेवला. कुत्र्यानं हाड हुंगून सोडलं आणि रस्सा चाटूनपुसून संपवला.

"साहेब, हाडातली ताकद कुठं गेली, ते यानं सांगितलं. आता तुमची पावडर वाढू का त्याला?"

पैलवान खो खो हसले. साहेबांनी डबे परत गाडीत ठेवले. कुत्रा मात्र चुलीपासून हलेना.