दोन वस्तादांची अदलाबदल

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी, नदीच्या पल्याड जायला नावेशिवाय सोय नव्हती तेव्हा, आपल्या कोंढरवाडीच्या तालमीला दोन वस्ताद होते. एक हैबती वस्ताद, दुसरे दावल वस्ताद.

हैबतींनी चिखलात रुतलेली भरली गाडी बैलांसकट एकट्यानं वर काढली होती, असं म्हणतात. दावल बैठका मारू लागले की बाहेरच्या झाडाच्या चिंचा टपाटप गळायच्या, असंही म्हणतात.

दोघांचा एकमेकांवर फार जीव, पण एका गोष्टीत मत कधी जुळलं नाही. हैबती म्हणायचे, पोरगं चौदा-पंधराचं झालं की त्याच्या हातात दगडी गोळा द्यावा, ओझं पेलल्याशिवाय अंगात ताकद मुरत नाही. दावल म्हणायचे, वाढत्या हाडावर ओझं घालू नये. जोर, बैठका आणि टेकडीवर पळणं, मिसरूड फुटेपर्यंत एवढंच पुरे. रोज संध्याकाळी तालमीतल्या कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसून दोघं हेच बोलत. एकाचं संपल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नसे. उठताना दावल म्हणत, "उद्या पुन्हा बोलू, दादा."

भांडले ते लोक. पोरांच्या आईबापांत दोन तट पडले. बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाईनात. शेवटी एका सकाळी लोकांनी विटा आणल्या आणि हौद्याच्या मधोमध भिंत घालायला घेतली.

दोघं वस्ताद धावत आले. कुणावर रागावले नाहीत. हैबती एवढंच म्हणाले, "भिंत घाला. पण आजपासून माझी पोरं दावलभाईंकडे शिकतील आणि त्यांची माझ्याकडे."

दावलांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हसून मान हलवली. आता भिंतीची कुठली बाजू कुणाची, हेच लोकांना कळेना. विटा माघारी गेल्या.

हैबतींचा लाडका चेला शिदू. गोळे उचलून त्याचे खांदे बैलासारखे भरले होते, पण जरा पळाला की धापा टाकायचा. दावलांनी त्याला टेकडीला लावलं. सुरुवातीला तो अर्ध्यातच बसून रडायचा. दावल त्याच्या शेजारी बसायचे, रडून झालं की म्हणायचे, चल. इकडे दावलांची काटकुळी पोरं हैबतींकडे आली. हैबतींनी त्यांना सगळ्यात लहान गोळा दिला आणि प्रत्येकाच्या पाठीला स्वतःचा हात लावून उभे राहिले. वाढत्या हाडांची दावलभाईंना असायची ती काळजी आता त्यांनाही लागली होती.

जत्रा आली. पल्याडचा नामी पैलवान हौद्यात उतरला. त्यानं मांडीवर थाप मारली की नदीच्या पाण्यावर लाटा उठायच्या, असं म्हणतात. त्याच्यासमोर शिदू उभा राहिला. कुस्ती दुपारी लागली ती सुटेचना. ती बघायला सूर्यही टेकडीवर टेकून थांबला, असं म्हणतात. अखेर पल्याडच्याला धाप लागली. शिदूला लागली नाही. त्यानं गड्याला अलगद डोक्यावर उचललं आणि पाळण्यात मूल ठेवावं तसं पाठीवर निजवलं. हलगी कडाडली. आईबाप तट विसरून नाचले, पल्याडचेही नाचले.

दावल हैबतींना मिठी मारून म्हणाले, "दादा, उचललं ते तुमच्या गोळ्यानं."

"नाही, भाई," हैबती म्हणाले. "उचलायला दम उरला तो तुमच्या टेकडीनं."

झालं. त्या संध्याकाळपासून वाद पुन्हा सुरू झाला, फक्त उलटा. हैबती टेकडीची बाजू घेऊन बोलायचे, दावल गोळ्याची. मरेपर्यंत जुळलं नाही.

आजही आपल्या गावात कुणाचं म्हणणं पटलं नाही, तर आधी त्याचंच म्हणणं नीट मांडून दाखवावं लागतं. समोरचा 'हं, हेच म्हणतोय मी' म्हणाला की मग आपलं सांगायचं. याला वस्तादी करणं म्हणतात. हायस्कुलात लोखंडी वजनं आणावीत की नकोत, यावर कवायतीचे सर आणि खो-खोच्या बाई यांचं जुळेना, तेव्हा दोघांनी भर सभेत वस्तादी केली. नको म्हणणाऱ्या बाईंनी सरांची बाजू अशी मांडली की सर म्हणाले, "बाई, माझ्याहून चांगलं सांगितलंत."

वजनं आली. टेकडीही रोज सकाळी पोरापोरींनी गजबजलेली असते. आणि सर नि बाई शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला बसून अजून बोलतात.