जुन्या पानावरचा मोर

जुनं झालं, असं तुम्ही किती पटकन म्हणता! म्हणता आणि हात घालता. त्यावर कुणाचं काही राहिलंय का, हे विचारायलाही तुम्हाला सवड नसते.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आता कुठल्याच नकाशावर नसलेल्या एका राज्यात, एक चितारी राहत होता. त्या राज्यात दर महिन्याला राजवाड्यातून घरोघरी दिनदर्शिकेचं एक पान येई. त्यावर दिवसांच्या तीस चौकटी असत. महिना सरला की पान जुनं होई.

एकदा चितारी महिनाभर परगावी देवळाच्या भिंती रंगवत होता. इकडे त्याची सहा वर्षांची लेक तापाने पडली. ताप येई, उतरे, पुन्हा येई. त्याच्या बायकोला लिहिता येत नव्हतं. ताप आला की ती त्या दिवसाच्या चौकटीत कोळशाचा ठिपका काढी.

चितारी परतला त्याच दिवशी ती नदीपलीकडच्या वैद्यांना आणायला निघाली. पाण्यात भिजेल म्हणून पान तिने भिंतीवरच ठेवलं. "पोरीला एकटं सोडू नका हो," एवढंच बोलून ती गेली.

लेक मलूल पडून होती. तिला हसवावं म्हणून चिताऱ्याने भिंतीवरचं सरल्या महिन्याचं जुनं पान काढलं. काळे डाग पाहून नाक मुरडलं आणि त्यावर गेरूचा जाड हात दिला. चिंचोक्याच्या खळीने साडीच्या चिंध्या चिकटवल्या, पिंपळाची वाळलेली जाळीदार पानं लावली, वर अभ्रक भुरभुरलं. मोर उभा राहिला.

"आबा, याला पाय कुठेत?"

"पाय काढले तर पळून जाईल ना गं तो!"

लेक हसली. कित्येक दिवसांनी हसली.

तिसऱ्या दिवशी बायको वैद्यांना घेऊन आली. वैद्यांनी नाडी पाहिली. "ताप एक दिवस सोडून येतो की दोन? दोन्हींचं औषध वेगळं. चुकीचं दिलं तर ही सोसायची नाही."

"सगळं पानावर आहे," म्हणत ती भिंतीकडे वळली आणि थबकली. "अहो, पान कुठंय?"

चिताऱ्याने मोराकडे बोट दाखवलं. "जुनं होतं ते. नुसते डाग होते त्यावर."

"डाग? माझ्या पोरीच्या तापाचे दिवस होते ते!"

"मग आठवून सांग ना. मी आल्यापासून ताप एकदाच आलाय, त्यावरून कसं कळणार?"

"जागून जागून डोक्यात राहीनात, म्हणून तर कागदावर ठेवले!"

त्याने ओल्या फडक्याने एका कोपऱ्यातला गेरू पुसून पाहिला. गेरूबरोबर कोळसाही निघून आला.

वैद्य हळूच म्हणाले, "आता नव्याने दिवस मोजायला हवेत. दुसरा इलाज नाही."

पोरीकडे तेवढे दिवस नव्हते. दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, ती गेली. चिताऱ्याने पुन्हा कुंचला हातात धरला नाही.

दुसऱ्याच्या खुणा आधी समजून घ्याव्यात, आपले रंग त्यानंतर चढवावेत.

पुढच्या महिन्यात गावात एक कासार आला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. बांगड्यांचा हारा उतरवून तो चिताऱ्याच्या ओसरीवर टेकला. दारातून आतलं मोराचं चित्र पाहून तो म्हणाला, "वा, मालक! लेकरासाठी केलेलं दिसतंय. आहे कुठे ते? बोलवा की, अगदी बारक्या मापाच्या बांगड्या आणल्यात मी."