कानाएवढं पान

चूक म्हाताऱ्या सशाची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या गोष्टींत शेवटी पोरांनाच बोल लावायची मोठ्यांना सवय असते.

तर मुलांनो, एका जंगलाच्या कडेला हा म्हातारा ससा नातवंडांसह राहत असे. पाऊस सरला, सकाळी दव पडू लागलं, तशी नातवंडांनी बिळासमोरची माती भुसभुशीत करून मोहरी पेरली. म्हातारा सावलीत बसून "दाट पेरा, दाट पेरा" म्हणत होता. तेवढंच त्याचं काम. थंडीत रोपं तरारून वर आली. वर्षभर त्या तिखट पाल्यासाठी सगळ्यांची जीभ आसुसलेली, म्हाताऱ्याचीही. पण सशांत रीत होती : पान कानाएवढं झालं की खुडायचं, आणि पहिला घास थोरल्याचा. म्हातारा वाफ्यापाशी ठाण मांडून बसला आणि रोज पानाला आपला कान लावून बघू लागला. त्याचा कान अख्ख्या जंगलात सगळ्यांत लांब!

"आजोबा, आता तरी खुडू?" धाकटी नात विचारी.

"अजून लहान आहे."

"अहो, दाटीत वाढणार कसं? मधली थोडी रोपं उपटून खाऊ या की."

"तूही अजून लहान आहेस. तुझ्या वयाचा असताना मी मोठ्यांपुढे तोंड उघडत नव्हतो."

"म्हणूनच उपाशी बसलाय," धाकटी पुटपुटली.

पण तिच्या डोक्यात किडा वळवळला. कानाएवढं पान, ठीक. कुणाच्या कानाएवढं, हे कुणी सांगितलंय? उरलेलं बी तिने भावंडांना घेऊन बिळामागे विरळ पेरलं. थोड्याच दिवसांत तिथलं एक पान तिच्या इवल्याशा कानाला भिडलं. रीत ती रीत, म्हणून पहिलं पान तिने आजोबांपुढे नेऊन ठेवलं.

"हे? हे तर माझ्या कानाच्या टोकाएवढंही नाही! फेक तिकडे."

तिने फेकलं नाही, खाल्लं. "हाऽऽ! जीभ पेटली रे!" नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, शिंकांवर शिंका. भावंडंही एकेक पान चाखून दवाने भिजलेल्या गवतात लोळली, जिभा गार केल्या आणि पुन्हा धावली. बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब राखायचा; दोन दिवसांत नवी पानं हजर. अख्खी थंडी बिळामागे नुसता धुडगूस चालला होता.

मग ऊन तापलं. म्हाताऱ्याच्या वाफ्यात दांडे सरसर वर गेले, पिवळी फुलं आली, आणि एका सकाळी एक पान खरंच त्याच्या कानाएवढं झालं. त्याने सगळ्यांना बोलावलं, मिशा पुसल्या आणि ऐटीत घास घेतला. पान चामड्यासारखं आणि कडूजहर.

"थू! बीच खराब निघालं."

"आजोबा, बी एकच होतं," धाकटी म्हणाली.

म्हाताऱ्याने उरलेलं पान बाजूला सारलं. मग हळूच म्हणाला, "तुमच्यातलं एखादं पान असेल तर दे."

"संपलं हो. कालच."

तात्पर्य, आणि हे मोठ्यांना मोठ्याने वाचून दाखवा : जो सगळ्यांना आपल्याच कानाने मोजतो, त्याच्या वाट्याला जून पाला येतो. म्हाताऱ्याला त्या थंडीत एकही कोवळं पान मिळालं नाही.