मेणकापडाची दोरी

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. वैद्य म्हणतात, कधीकधी माणसाच्या अंगातही या गोष्टीतल्यासारखंच घडतं. मेंदूतून निघणाऱ्या नसांवर अंगातलेच राखणदार धावून जातात. असेल बुवा. मला राज्याची गोष्ट येते, तीच सांगतो.

त्या राजाच्या डोंगरावरच्या नगरातून खालच्या गावांपर्यंत दोऱ्या गेल्या होत्या. वर दोरी ओढली की खाली घंटा वाजायची. धरण फुटायला आलं, पळा, एवढंच ती सांगायची. उन्हापावसात दोरी टिकावी म्हणून तिच्यावर मेणकापड गुंडाळलेलं असे. हे काम एका म्हातारीकडे होतं. तिची लेक आणि दोन नातवंडं धरणाखालच्या गावात राहत. त्या गावाची दोरी ती जरा जास्तच मायेने गुंडाळायची.

नगराचे पहारेकरी शूर होते, पण त्यांची एक रीत होती. चोर मारला की त्याच्या कपड्याची चिंधी वेशीवर टांगायची आणि प्रत्येकाने ती हुंगून मनात ठेवायची. चेहरा कुणी बघायचाच नाही! एकदा एक चोर मेणकापड पांघरून आला. त्याला मारलं, चिंधी टांगली. झालं! दुसऱ्याच दिवशी पहारेकऱ्यांना दोऱ्यांवरही तोच वास आला.

"हे बघा चोराचे भाऊबंद!" म्हणत ते कोयते घेऊन दोऱ्यांवर तुटून पडले.

"अरे मेल्यांनो, आपलीच दोरी आहे ती!" म्हातारी ओरडली.

"म्हातारे, बाजूला हो. वास तोच आहे," त्यांचा नायक म्हणाला.

गल्ल्या झाडणारे लोक एरवी केर उचलत, म्हातारीला मेण आणून देत. आरडाओरडा ऐकून तेही बिथरले आणि त्या मारामारीत शिरले.

चार दिवसांनी सगळे दमले. झाडणाऱ्यांपैकी निम्मे भानावर आले. त्यांनी खाली मान घालून फाटक्या मेणकापडाची लक्तरं उचलली, कारण लक्तरांवर नवं कापड बसत नाही. मग म्हातारीने दोरी पुन्हा गुंडाळली. या वेळी थर पातळ बसला. तरी ओढून पाहिली तेव्हा घंटा वाजली. उशिरा वाजली, बारीक वाजली, पण वाजली. म्हातारी आनंदाने रडली हो!

पहारेकरी पुन्हा आले. मग आणखी एकदा आले. दर वेळी म्हातारी गुंडाळायची, आणि दर वेळी तिचे हात थोडे कमी चालायचे.

शेवटी दोऱ्यांचे खांब सांभाळणारे गवंडी घाबरले. मारामारी पसरू नये म्हणून त्यांनी फाटलेल्या जागेभोवती भिंत घातली. पहारेकरी अडले खरे, पण म्हातारीही बाहेरच राहिली.

"मला आत सोडा रे, दोरी उघडी पडलीय," ती विनवायची. पण भिंतीला दार ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

उघडी दोरी आतल्या आत कुजली आणि तुटली. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही.

मग एका दुपारी धरणाला भगदाड पडलं. म्हातारीने धावत येऊन लेकीच्या गावाची दोरी ओढली. दोरी सैल होऊन हातात आली. नायकही धापा टाकत आला. त्याची बायकोपोरं त्याच गावात होती. दोघांनी मिळून ओढली. खाली घंटा हलली नाही. वरून सगळं स्वच्छ दिसत होतं: गावाकडे निघालेलं पाणी, आणि अंगणात धान्य वाळवत बसलेल्या बायका.

"आजी, काहीतरी कर. गुंडाळ ना पुन्हा!" नायक तिच्या पाया पडत म्हणाला.

"आता कशावर गुंडाळू रे बाबा?" म्हातारी म्हणाली.

त्या गावातलं एकही माणूस वाचलं नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: जो चेहरा न बघता नुसत्या कापडावरून वैरी ओळखतो, तो आपलंच माणूस मारतो, आणि नंतरच्या पश्चात्तापाने तुटलेली दोरी सांधली जात नाही.