तीन रंगांची गाठ

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि माणसांना त्याचे नवल वाटत नसे, वज्रसेन नावाचा राजा होता. त्याने कर्कट मांत्रिकाला भर दरबारातून हाकलले. जाताना कर्कटाने चौकातल्या खांबावर दोराची तीन कडी टांगली. टोक कुठेच नाही, नुसता गुंता.

"न कापता ही साधी गोल करा," तो म्हणाला. "एखादं सुटणारच नसेल, तर का ते सांगा, आणि ते चौकातल्या शेवटच्या माणसाला कळलं पाहिजे. तोवर इथे कणसात दाणा भरणार नाही. हरेल तो पक्षी होईल."

गणितसभेचे अकरा पंडित गेले, अकरा पक्षी होऊन उडाले. मग विदुला नावाची गणिती गेली. सभेत स्त्रीला प्रवेश नव्हता, म्हणून ती थेट चौकात उभी राहिली. तिने दोन कडी सोडवली आणि तिसरे सुटणे अशक्य आहे, हे चिन्हांच्या चाळीस ओळींत सिद्ध केले. सिद्धता अचूक होती. पण ती एकालाही कळली नाही. विदुलेची साळुंकी झाली आणि कडी पुन्हा होती तशी गुंतली.

राजाच्या पागेत तुंगा नावाची तरुणी घोड्यांचे लगाम विणत असे. साळुंकी तिच्या खिडकीत येऊन बसली.

"गाठ माझ्या डोक्यात आहे, दोर तुझ्या हातात. शिकशील?"

"शिकेन. पण कळलं नाही तर कळलं म्हणणार नाही, बाई."

वर्षभर तुंगा "का?" म्हणत राहिली आणि साळुंकी नव्याने सांगत राहिली. एके दिवशी लगाम रंगवता रंगवता तुंगा ताडकन उठली आणि तिने एक युक्ती सांगितली. साळुंकी उडून तिच्या खांद्यावर येऊन बसली.

"हे मला सुचलं नव्हतं," ती म्हणाली.

चौकात सभेचे प्रमुख भानुकीर्ती आडवे आले. "लगाम विणणारीने गणिताला हात लावू नये."

"तुमचे हात लागून कणसं भरली का, आचार्य?" तुंगा म्हणाली आणि पुढे गेली.

पहिले कडे तिने घटकेत सोडवले. दुसऱ्याला तीन दिवस लागले. तिसरे तिने खाली ठेवले.

"हे सुटणार नाही."

"तुला जमत नाही, असं म्हण!" भानुकीर्ती हसले.

"मलाच नव्हे, कुणालाच जमणार नाही. ऐका."

तिच्या मनगटावर पिसे फुटू लागली होती. तिने तिकडे पाहिले नाही. तिने दोराला हळद, कुंकू आणि नीळ लावली.

"एक पदर दुसऱ्याला ओलांडतो, तिथे खालचा दडतो. दडण्याआधीचा तुकडा, नंतरचा तुकडा आणि वरचा पदर, हे तिन्ही एका रंगाचे हवेत, नाहीतर तीन वेगळ्या. दोनच रंग कुठे भेटायचे नाहीत. पाहा, जमलं. आता दोर हलवायच्या तऱ्हा तीनच. पीळ द्या. पदरावर पदर सरकवा. ओलांडणीवरून तिसरा पदर न्या. दरवेळी एखादा तुकडा पुन्हा रंगवावा लागेल, पण नियम टिकेल आणि दोर एकाच रंगाचा कधी होणार नाही."

लोकांनी पुढे येऊन दोर ओढला, पिळला, फिरवला. तिने दरवेळी रंगवून दाखवले. पिसे खांद्यापर्यंत चढली.

सगळ्यांच्या मागे कोंडाई तेलीण बसली होती. "साध्या गोल कड्याचं काय गं?"

"त्यात ओलांडणीच नाही, मावशी. सगळा एकच तुकडा, एकच रंग."

कोंडाई पुटपुटत राहिली. मग ओरडली, "अगं, मग हे तीन रंगांचं कडं साधं गोल होईलच कसं? नाहीच व्हायचं!"

त्या क्षणी पिसे गळाली. शिवारात दाणा भरला. अकरा पंडित माणसात आले आणि विदुलाही.

भानुकीर्ती म्हणाले, "सिद्धता सभेच्या नावे नोंदवू. स्त्री आत येत नाही, हा नियम आहे."

"गाठीचा नियम कुणी केलेला नाही, म्हणून तो मोडत नाही," तुंगा म्हणाली. "तुमचा माणसांनी केला आहे."

विदुलेने सभेचे दार ढकलले. दोघी आत गेल्या. राजाने दोघींची नावे दगडावर कोरवली आणि कायदा केला, की प्रत्येक सिद्धता चौकात समजावून सांगावी.

पहिली पाळी भानुकीर्तींची आली. कोंडाई पुढे सरसावून बसली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "कळलं नाही. पुन्हा सांगा."