माघारीची तालीम

"…मग माझ्यात नक्की काय कमी आहे, ते तरी सांगा ना, मॅडम."

सारंग भोंडवे उभा राहून विचारत होता. रोहिणी खासनीस बसून ऐकत होत्या.

"कमी आहे, असं मी कुठे म्हटलं?"

"संमती देत नाही आहात. म्हणजे तेच झालं."

"संमती दिली नाही. एवढंच झालं."

काम रक्तपेढ्यांचे होते. जिल्ह्यातल्या साऱ्या रक्तपेढ्या एका जुन्या संगणक प्रणालीवर चालत. कोणी रक्त दिले, पिशवी कुठे ठेवली, तिची तपासणी झाली का, ती कोणत्या रुग्णाला गेली, हे सर्व त्या प्रणालीला ठाऊक असे. पुढच्या रविवारी ती बंद करून तिच्या जागी नवी सुरू करायची होती. या व्यवसायात त्या क्षणाला गो-लाइव्ह म्हणतात. लग्नाच्या मुहूर्ताचे बरेचसे नियम त्यालाही लागू पडतात. फरक इतकाच, की येथे मुहूर्त आधी काढतात आणि वधूवरांचा शोध नंतर सुरू होतो.

मुहूर्त सारंगने काढला होता. रक्तपेढ्यांचे प्रमुख डॉक्टर पेडणेकर यांना त्याने तारीख दिली होती, तीही आपल्या वरिष्ठांच्या देखत. रविवार त्याच्या नेतृत्वाखाली पार पडला, तर त्याला वरचे पद मिळणार होते. त्यासाठी एकच अट होती. खासनीसबाईंनी संमती द्यायची.

बाईंना कंपनीत मोठे पद नव्हते. मात्र मोठ्या पदांवरचे लोक कोणतेही काम लोकांसमोर नेण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहत, आणि त्या मान हलवेपर्यंत थांबत. सारंग त्यांच्या हाताखाली शिकला होता. इतर सगळे पाठीमागे 'बाई' म्हणत. तो पाठीमागेही 'मॅडम' म्हणे.

त्या शनिवारी सकाळी रंगीत तालीम झाली. जुन्या प्रणालीची तालमीपुरती केलेली प्रत बंद केली, नवी सुरू केली, चाचणी करणाऱ्यांनी रक्तदाते आणि परिचारिका होऊन तिच्यात नोंदी केल्या. एकही पायरी चुकली नाही. नियोजित वेळेच्या आधीच सर्व आटोपले. खोलीत टाळ्या वाजल्या. केक तर तालीम सुरू होण्यापूर्वीच येऊन बसला होता.

त्या खोलीचे नाव तोरणा. या कार्यालयातल्या सर्व खोल्यांना गडांची नावे आहेत आणि गड जिंकण्यापेक्षा त्यांचे बुकिंग मिळणे अवघड आहे.

टाळ्या थांबल्यावर बाई म्हणाल्या,

"आता परत या."

"कुठे?" सारंगने विचारले.

"जिथून निघालात तिथे. नवी बंद करा. जुनी सुरू करा."

…

"पण मॅडम, चाललं ना सगळं."

"चाललं."

"कुठे काही बिघडलं?"

"कुठेच नाही."

"मग?"

बाईंनी चहाचा घोट घेतला. ही कथा सांगणारे काही जण येथे त्यांच्या हाती पाण्याची बाटली देतात. मला चहा अधिक संभवनीय वाटतो. पाण्याचा घोट इतका लांबत नाही.

चाचणी विभागातला बिभीषण ढवळे कोपऱ्यातून बोलला. तो बार्शीचा. गंभीर प्रसंगी त्याच्याने गप्प राहवत नसे.

"मॅडम, लग्न लागलंय. वऱ्हाड जेवायला बसलंय. आता नवरीला म्हणायचं का, चल माघारी?"

खोली हसली. बाईही किंचित हसल्या.

"ढवळे, तुला बहीण आहे ना?"

"आहे की. लातूरला दिलीय."

"तिला निर्धास्तपणे पाठवलंस?"

बिभीषणचे हसू ओसरले.

"सांगून पाठवलं होतं. काही वाकडं वाटलं तर सरळ घरी ये. खोली तुझी तशीच ठेवलीय."

"म्हणून पाठवता आलं," बाई म्हणाल्या.



सारंगने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. त्याच्या आवाजात आता धार होती.

"रोलबॅक प्लॅनमध्ये आहे, मॅडम. लिहिलेला आहे."

रोलबॅक म्हणजे माघार. नवे बिघडले तर जुन्याकडे परतण्याची तजवीज.

"वाचला. एकच ओळ आहे."

"एकच पुरते. जुनी प्रणाली सकाळी जशी बंद केली, तशीच पुन्हा सुरू करायची. बस."

"मग कर."

गुरूने शिष्याकडून काठोकाठ भरलेले भांडे रिकामे करून घ्यावे, हा या कथाप्रकारातला जुना आणि सर्वदूर आढळणारा प्रसंग आहे. त्यात शिष्याने काहीतरी टाकायचे असते. सारंगची समजूत तीच झाली. बाई आपला गर्व उतरवू पाहत आहेत, असे त्याला वाटले. उतरवू देत, म्हणून त्याने ओठ घट्ट मिटले आणि कामाला लागला.

त्याची बोटे चपळ होती. नवी प्रणाली बंद झाली. जुनी सुरू झाली. बाईंचा चहा निवण्याआधी त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला.

"झालं. बघा. सगळं सकाळसारखं."

एकदोघांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

बाईंनी पडद्याकडे पाहिले नाही. त्यांनी बिभीषणकडे पाहिले.

"ढवळे, तू आज रक्त दिलंस ना?"

तालमीत रक्तदाता होण्याचे काम बिभीषणकडे असे. खऱ्या सुईच्या नुसत्या दर्शनाने त्याला घेरी येई. पडद्यावर मात्र त्याच्याइतके रक्त कोणी दिले नव्हते.

"दिलं की, मॅडम. बी पॉझिटिव्ह. मॅनेजर लोक रोजच पितात, म्हटलं आज जरा पेढीत जमा करू."

"शोध."

"काय?"

"स्वतःला."

बिभीषणने सारंगच्या लॅपटॉपवर आपले नाव टाकले. मग पिशवीचा क्रमांक टाकला. मग आडनाव आधी, नाव नंतर, असे करून पाहिले.

"मी नाही, मॅडम," तो म्हणाला.

पुन्हा कोणीतरी हसले. पण ते हसणे एकटेच राहिले.

"कसा असशील?" सारंग त्याच्यावर किंचित खेकसला. "तू दिलंस नव्या प्रणालीत. ही जुनी आहे. हिला तू माहीतच नाहीस."

"पिशवी कुठे आहे?" बाईंनी विचारले.

"कुठली पिशवी? ही तालीम होती, मॅडम. पिशवी नव्हतीच."

"रविवारी असेल."

…

सारंगचा हात कळफलकावरून हळूच खाली आला.

"फ्रिजमध्ये असेल," तो म्हणाला. एकेक शब्द तपासून घेतल्यासारखा तो बोलत होता. "पिशवी फ्रिजमध्ये असेल… आणि नोंद कुठेच नसेल. ती कुणाची, तिची तपासणी झाली की नाही… काहीच कळणार नाही."

बाईंनी कप टेबलावर ठेवला.

"आणि दुपारी जी पिशवी एखाद्या रुग्णाला दिली… ती जुन्या प्रणालीला अजून फ्रिजमध्येच दिसेल. पुढचा माणूस तिच्या भरवशावर बसेल."

"नोंद नसलेल्या पिशव्या टाकून देतील की," बिभीषण म्हणाला. "सांगून ठेवू तसं. ज्याची नोंद नाही, ती टाकायची."

"हो," बाई म्हणाल्या. "किंवा एखाद्या ठिकाणी, एखाद्या वेळी, कुणी टाकणार नाही."



दारावर टकटक झाली. बाहेर दुसऱ्या प्रकल्पाचे लोक उभे होते. तोरणा आता त्यांच्या नावावर होता, आणि त्यांच्यापैकी एक जण ते मोबाइलवर दाखवतही होता. बिभीषणने दार किलकिले करून त्यांच्या हाती केक दिला. ते गेले.

सारंगने मान वर केली.

"परत यायची वेळ येण्याची शक्यता नगण्य आहे, मॅडम."

"खरं आहे."

"रविवारी नाही गेलो, तर पुढचा मुहूर्त कधी, कुणी सांगावं."

"खरं आहे."

"तुम्ही हे आधी सांगू शकला असता."

"सांगितलं असतं, तर प्लॅनमध्ये दोन ओळी झाल्या असत्या."

तो उठला. पांढऱ्या फळ्यावर त्याने दोन चौकटी काढल्या. एक जुनी, एक नवी. जुनीकडून नवीकडे जाणारा बाण फळ्यावर सकाळपासून होताच. नवीकडून जुनीकडे येणारा बाण त्याने काढायला घेतला आणि मध्येच थांबला. या वाटेने रिकाम्या हाती येता येणार नव्हते. त्या दिवशी जो जो आला, त्याला बरोबर घेऊन यावे लागणार होते. त्यासाठी लागणारा प्रोग्राम कोणी लिहिला नव्हता. लिहावा लागेल, असे कोणाला वाटलेही नव्हते. आणि रविवारपर्यंत तो लिहून, तपासून होणार नव्हता. हे त्या खोलीत त्याच्याइतके अचूक कोणालाच माहीत नव्हते.

"एक सांगू का?" बिभीषण त्याच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाला. "टेस्टिंगमध्ये अडकलं म्हण. माझ्यावर ढकल. आम्हाला सवय असते रे."

सारंग फळ्याकडे पाहत राहिला.

"नाहीतर सरळ म्हण, मॅडमनी थांबवलं. त्यांना कोण विचारतंय."

हे हळू आवाजात बोललेले नव्हते. बाईंनी ऐकले.

"तेही चालेल," त्या म्हणाल्या.

…

सारंगने डॉक्टर पेडणेकरांना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. तसे करण्याची आवश्यकता नव्हती.

"बोला भोंडवे. झाली का तालीम?"

"झाली, डॉक्टर. सगळं व्यवस्थित चाललं."

"वा. मग भेटू रविवारी."

"रविवारी आम्ही येत नाही आहोत."



"आत्ता म्हणालात ना, व्यवस्थित चाललं?"

"जाताना चाललं. काही कारणानं मागे यावं लागलं, तर त्या दिवसाचं रक्त आम्हाला मागे आणता येत नाही. पिशव्या राहतील, नोंदी जातील. ती वाट अजून बांधलेलीच नाही."

"ती बांधलेली नसताना तारीख कशी दिलीत?"

"चुकलं."

"कुणाचं?"

"माझं. तारीख मीच दिली होती."

"दोन शिबिरं रद्द करून बसलोय मी त्या रविवारसाठी. आता त्या लोकांना काय सांगू?… आणि हे थांबवतंय कोण? खासनीसबाई ना? त्यांचा स्वभाव ठाऊक आहे मला. द्या त्यांना फोन."

सारंगने बाईंकडे पाहिले. बाईंनी फोन घेण्यासाठी हात पुढे केला. तो हात फोनपासून वीतभर अंतरावर थांबला.

फोन सारंगच्याच हाती राहिला.

"त्यांनी थांबवलेलं नाही, डॉक्टर. त्यांनी फक्त विचारलं. थांबवतोय मी."

"तुमच्या वरच्यांशी बोलतो मी," पेडणेकर म्हणाले आणि फोन बंद झाला.

मंडळी एकेक करून उठली. बिभीषण सर्वांत शेवटी गेला. जाताना तो सारंगच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलणार होता, पण त्या दिवशी त्याला विनोद सुचला नाही.

सारंगला पुढे ते वरचे पद मिळाले की नाही, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. काहींच्या मते त्याच आठवड्यात ते काम दुसऱ्याकडे गेले. काहींच्या मते पेडणेकरांनीच नंतर तो माणूस मागून घेतला. दोन्ही शेवट ऐकणाऱ्याच्या समाधानासाठी जोडलेले वाटतात. खोली रिकामी झाल्यावर ती दोघे काय बोलली, यात मात्र कोणी फरक करत नाही.

सारंगने लॅपटॉप मिटला. 

"संमती राहिली," तो म्हणाला. "पण मी आता ती मागत नाही."

बाईंनी उरलेला थंड चहा संपवला.

"आता ती लागतही नाही," त्या म्हणाल्या.