एक मिशी जादा

तांबुळगडचे संस्थानिक रायाजीराव इंग्रजी शिकता शिकता भडकले. ‘बिगिन’ म्हणजे सुरू होणे आणि ‘स्टार्ट’ म्हणजेही सुरू होणे. एका कामाला दोन नोकर कशाला? त्यांनी भर दरबारात ‘स्टार्ट’ला हद्दपार केलं.

त्यांना इंग्रजी शिकवणारे त्रिंबक मास्तर म्हणाले, “सरकार, सभा बिगिनही होते आणि स्टार्टही होते. पण मोटार फक्त स्टार्ट होते.”

“आमची मोटार आम्ही सांगू तशीच होईल. आणि तुम्हीही त्या शब्दाबरोबर चालते व्हा.”

“जातो, पण आपला हुकूम पुरा करून.” मास्तरांनी दरबारच्या न्हाव्याला पुढे बोलावलं. “सरकारांची एक मिशी उतरव. दोन्ही मिशा रुबाब दाखवायचंच काम करतात, तेव्हा एक जादा आहे.”

सरकारांनी दोन्ही हातांनी मिशा झाकल्या. “खबरदार. काम एकच कसं? उजवीला आम्ही हुकूम सोडताना पीळ देतो आणि डावीला विचार करताना.”

“म्हणजे उजवीचं काम डावीला जमत नाही?”

“मुळीच नाही.”

“‘स्टार्ट’चंही हेच म्हणणं आहे, सरकार.”

सरकारांचे हात खाली आले. मग एक हात सावकाश वर गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दरबाराने त्यांना डाव्या मिशीला पीळ देताना पाहिलं.